टीडीएस कमी असूनही तेल का सुटत नाही : मीठ, तेल आणि दगड

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही परभणीला एमएस्सी करताय, प्रोजेक्टचा विषय आहे पाण्यातल्या क्षारांमुळे खनिजाच्या पृष्ठभागाला तेल चिकटतं की पाणी. पृष्ठभाग दोन घेतले, एक काचेची स्लाइड आणि दुसरा खदानीतून आणलेला कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा तुकडा. तेल म्हणून घाण्यावरचं करडीचं तेल. पाणी तीन प्रकारचं : घरच्या बोअरचं, टीडीएस (लिटरमधले विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये) ११००, आरओचं, टीडीएस ४०, आणि आरओच्याच पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम स्वयंपाकाचं मीठ घालून केलेलं, म्हणजे समुद्राइतकं खारं. पेपरमध्ये वाचलं होतं की क्षार कमी केले की तेल सुटतं. काचेवर आरओमध्ये तेल सुटलं, बोअरच्या पाण्यात चिकटून बसलं, इथपर्यंत बरोबर. पण मिठाच्या पाण्यात बोअरपेक्षा तीसपट क्षार असून तेल बोअरपेक्षा कमी चिकटलं, आणि कॅल्साइटवर तर काहीही करा, तेल हलायलाच तयार नाही. सर म्हणायलेत रीडिंग चुकलंय, परत करा.

परत जरूर करा, पण रीडिंग चुकलंय म्हणून नाही. माझ्या मते तुमची रीडिंग बरीच खरी आहेत, नियमच अर्धा वाचला गेलाय. मी उदगीरकडचा, पण नोकरीची सगळी वर्षं तेलाच्या विहिरीतून काढलेल्या दगडांच्या लॅबमध्ये गेली, आणि हा घोटाळा मी नव्या पोरांमध्ये कायम बघत आलोय. टीडीएस मीटर पाण्यात बुडवायचा, आकडा बघायचा आणि त्यावरून तेल सुटेल का नाही ठरवायचं. टीडीएस हा एकूण बेरजेचा आकडा आहे, त्यात कॅल्शियम किती, सोडियम किती, सल्फेट किती हे काहीच कळत नाही, आणि दगडाला तर नेमकं तेच कळतं. खरा प्रश्न क्षार किती हा नाहीच, कुठला आयन (म्हणजे भार असलेला विरघळलेला कण), कुठल्या खनिजावर, कुठल्या तेलासमोर आणि किती पीएचला, हा आहे.

आता काचेपासून सुरू करू. काच किंवा क्वार्ट्झ पाण्यात बुडवली की साध्या पीएचला तिच्यावर ऋण भार येतो (क्वार्ट्झचा भार शून्य व्हायला पीएच २ ते ३ पर्यंत खाली जावं लागतं). तेलात जी आम्लं असतात ती पाण्याच्या सीमेवर आली की प्रोटॉन सोडून तीही ऋण होतात. म्हणजे दोन्हीकडे ऋण भार, एकमेकांना ढकलणार, आणि मधे पाण्याचा एक अगदी पातळ थर टिकून राहणार. तो थर टिकला तोवर दगड पाण्याने भिजलेला, तो फुटला की तेलाने दगडाला हात घातला. पाण्यातले आयन हा भार झाकतात. किती अंतरापर्यंत तो जाणवेल याचा हिशोब सोपा आहे, ०.३०४ ला आयनिक स्ट्रेंथच्या (आयन किती आणि त्यांच्यावर भार किती हे दोन्ही धरून काढलेला आकडा, लिटरला मोलमध्ये) वर्गमुळाने भागायचं, उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. तुमच्या आरओच्या पाण्यात ते साधारण ११ नॅनोमीटर येईल, बोअरच्या पाण्यात २ च्या आसपास आणि मिठाच्या पाण्यात जेमतेम ०.४. या हिशोबाने मिठाच्या पाण्यात तेल सगळ्यात जास्त चिकटायला पाहिजे होतं, बोअर मधे यायला पाहिजे होतं. तसं झालं नाही. म्हणजे नुसत्या भार झाकण्याने तुमचा निकाल समजावून सांगता येत नाही, दुसरं काहीतरी जोरात काम करतंय, आणि ते बोअरच्या पाण्यात आहे, मिठाच्या पाण्यात नाही.

ते म्हणजे कॅल्शियम, आणि त्याच्या मागे मॅग्नेशियम. आपल्या भागात सगळा काळा पाषाण, बेसॉल्ट, त्याच्या भेगांतून पाणी मुरत येतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं घेऊनच येतं. ११०० टीडीएसच्या पाण्याची हार्डनेस (लिटरला मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) ५०० च्या आसपास असणं आपल्याकडे काही नवीन नाही, त्यातली ३०० जरी कॅल्शियमची धरली तरी नुसतं कॅल्शियम लिटरला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिलिमोलर कॅल्शियम झालं. त्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा साका बसतो, तो कॅल्शियम आणि फॅटी ॲसिडचा न विरघळणारा क्षार असतो. तुमच्या स्लाइडवर तेच चाललंय, फक्त फॅटी ॲसिड साबणातून न येता करडीच्या तेलातून येतंय. कॅल्शियमवर दोन धन भार, एकीकडून तो काचेच्या ऋण जागेला धरतो आणि दुसरीकडून तेलातल्या आम्लाला, मधला पाण्याचा थर तिथे टिकतच नाही. सोडियमला एकच भार, त्याला असा पूल बांधता येत नाही, म्हणून ३५ ग्रॅम मीठ घालूनही तेवढी चिकट येत नाही. पुढच्या वेळी थेंबाच्या कडेला टॉर्च तिरकी मारून बघा, बोअरच्या पाण्यात तेल-पाण्याच्या सीमेवर काही तासांनी दुधट साय धरल्यासारखी दिसू शकते, आणि थेंब सुईने ओढायला गेलं की तो गोल न राहता सुरकुततो. ती साय दिसली तर कॅल्शियमचा साबण तयार होतोय हे डोळ्यांनीच दिसलं म्हणायचं.

पण माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. आरओ सोडा, डिस्टिल्ड पाणी घ्या. एका बाटलीत लिटरला ०.४४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, म्हणजे ३ मिलिमोलर. दुसऱ्या बाटलीत लिटरला ०.५३ ग्रॅम सोडियम क्लोराइड, लॅबचं, स्वयंपाकाचं नको, कारण खायच्या मिठात आयोडीन असतं, गुठळी होऊ नये म्हणून घातलेलं काहीतरी असतं आणि थोडं मॅग्नेशियमही असू शकतं. या दोन बाटल्यांची आयनिक स्ट्रेंथ सारखी आहे, ९ मिलिमोलर, म्हणजे भार झाकण्याची ताकद दोन्हीत जवळजवळ एकच. दोन्हींचा पीएच सारखा करून घ्या, ७.५ ला आणा. आता जो फरक दिसेल तो आयनच्या जातीचा, प्रमाणाचा नाही. माझा अंदाज आहे की फरक ठळक दिसेल, आणि तुमच्या अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात कामाचा प्रयोग तोच ठरेल.

आता तेलाचं बोलू, कारण तेलाकडे कुणी बघत नाही. घाण्याच्या तेलात मोकळी फॅटी ॲसिडं असतात, बी कसं होतं, तेल किती दिवस उघडं राहिलं यावर किती ते ठरतं. एक टक्का जरी असली तरी ॲसिड नंबर २ च्या जवळ जातो, म्हणजे एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला २ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड. कच्च्या खनिज तेलाच्या हिशोबात ही चांगली आम्लयुक्त तेलं झाली. तेच रिफाइंड तेल घेतलं तर हा आकडा खूप खाली येतो, आणि शुद्ध केरोसीन किंवा डेकेन घेतलं तर त्यात ध्रुवीय (आम्लासारखं, भाराकडे ओढलं जाणारं) असं जवळपास काहीच नसतं, मग पाणी कुठलंही घाला, काचेवर फारसा फरक दिसणार नाही. म्हणून कुणी केरोसीनवर प्रयोग करून क्षारांचा काही परिणाम नाही असं लिहिलं असेल तर तेही त्याच्या जागी बरोबर, आणि तुमचंही बरोबर. तुम्हाला जमलं तर केरोसीनमध्ये मोजून ओलेइक ॲसिड (एक फॅटी ॲसिड) घाला, ०.१ टक्का, ०.५ टक्का असं, म्हणजे आम्लाचं प्रमाण तुमच्या हातात राहील. करडीच्या तेलाचा आणखी एक त्रास म्हणजे ते केरोसीनपेक्षा कितीतरी घट्ट, सावकाश पसरतं, त्यामुळे पाच मिनिटांनी घेतलेला कोन (थेंबाची कड पृष्ठभागाला टेकते तिथला) आणि दुसऱ्या दिवशीचा कोन यात बराच फरक येतो, तो क्षारांचा समजून बसू नका.

पीएचला लोक फार हलकं घेतात. आरओचं पाणी उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यात सावरून धरणारं काही नसतं, पीएच ६ च्या आसपास घसरतो. तुमचं बोअरचं पाणी बायकार्बोनेटमुळे साडेसात-आठला टिकून राहतं. म्हणजे तुम्ही क्षार बदललेत असं तुम्हाला वाटतं पण सोबत पीएचही बदललेला असतो, आणि दोन्हींचा परिणाम एकात मिसळून येतो. दुसऱ्या टोकाचं उदाहरण हवं असेल तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर घ्या, ते पाणी भरपूर खारं आहे पण सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटचं, पीएच साडेनऊ-दहाच्या घरात. टीडीएस मीटरला ते फक्त खारट पाणी दिसेल, पण अशा पाण्यात तेलातली आम्लं सरळ सोडियमचा साबण होतात, तेल-पाण्यामधला ताण कोसळतो आणि थेंब आपोआप सुटून वर जातो. कॅल्शियमही तिथे फारसं उरत नाही, कार्बोनेट होऊन खाली बसतं. अभयारण्यातून पाणी आणायच्या भानगडीत पडू नका, मीठ, खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा घालून तसलं पाणी लॅबमध्ये करता येतं. पण थेंब सुटला म्हणजे दगड पाण्याने भिजणारा झाला असं लगेच लिहू नका, कधी कधी ताण कमी झाल्यामुळे सुटतो आणि दगडावर तेलाचा पातळ पापुद्रा मागे राहतो.

आता कॅल्साइट. इथे सगळं गणित उलटं फिरतं. कॅल्साइटच्या पृष्ठभागावर कॅल्शियम मुळातच आहे, पाण्यातून यायची गरज नाही. त्याचा भार शून्य होण्याचा पीएच ८ ते ९.५ च्या दरम्यान सांगतात, आणि तोही पाण्यात कॅल्शियम, कार्बोनेट, सल्फेट किती यावर सरकतो. साध्या पाण्यात त्यावर धन जागा असतात आणि तेलातलं आम्ल ऋण, मग ते ओढलं जाऊन रासायनिक बंधच करतं. तो बंध मीठ कमी केल्याने सुटत नाही, जास्त केल्यानेही नाही. शिवाय तुमचं आरओचं पाणी कॅल्साइटवर गेल्यावर आरओचं राहतच नाही, कॅल्साइट थोडं विरघळतं, उघड्या हवेत लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पीएच आठच्या वर चढतो. रात्रभर कॅल्साइटचा चुरा आरओत टाकून सकाळी टीडीएस मोजा, ४० चे किती झाले ते स्वतः बघा. म्हणजे कॅल्साइटवर तुम्ही ज्याला कमी क्षारांचं पाणी म्हणायलात, त्याने स्वतःचं कॅल्शियम स्वतःच जमवून घेतलेलं असतं.

मग चुनखडीच्या दगडातून तेल निघतच नाही का? निघतं. नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात एकोफिस्क नावाचं तेलक्षेत्र आहे, खडूच्या दगडाचं, १९८७ पासून तिथे तेल ढकलून बाहेर काढायला मोठ्या प्रमाणावर समुद्राचं पाणी आत सोडतात आणि ते अपेक्षेपेक्षा चांगलं चाललं. नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर विद्यापीठाच्या टोर ऑस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं, त्यातून असं समोर आलं की सल्फेट पृष्ठभागावर येऊन धन भार कमी करतं, मग कॅल्शियमला पृष्ठभागाजवळ येऊन आम्लाला सोडवून न्यायला जागा मिळते, आणि तापमान जास्त असेल तर मॅग्नेशियम पृष्ठभागातल्या कॅल्शियमची जागाच घेतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण २७०० मिलिग्रॅम सल्फेट आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं, म्हणून ते जमलं. बघा, काचेवर जे कॅल्शियम तेल चिकटवतं तेच इथे सल्फेट सोबत असताना तेल सोडवायला मदत करतं. पण एकोफिस्कचा दगड १३० अंश सेल्सिअसला आहे. तुमचा प्रयोग टेबलावर चाललाय, परभणीच्या मे महिन्यातही पारा त्याच्या जवळपास जात नाही. त्यामुळे तुमच्या कॅल्साइटवर तेल हललं नाही याचं मला नवल वाटत नाही, तो निकाल तसाच्या तसा लिहा. बंद बाटलीत ओव्हनमध्ये ८०-९० अंशाला, मॅग्नेशियम सल्फेट घालून काही दिवस ठेवायची सोय असेल तर करून बघा (कृषी केंद्रातलं नको, लॅबचं घ्या), फरक थोडा दिसेल, खूप नाही.

इथपर्यंत एवढं : काचेवर कॅल्शियम काढणं महत्त्वाचं, एकूण मीठ काढणं दुय्यम, कॅल्साइटवर सल्फेट-मॅग्नेशियम आणि तापमान महत्त्वाचं, नुसतं मीठ कमी करण्याला फारसा अर्थ नाही, आणि तेलात आम्ल नसेल तर दोन्हीकडे बोलण्यासारखं थोडंच.

तुम्ही वाचलेला तो नियम आला कुठून तेही सांगतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत वायोमिंग विद्यापीठात नॉर्मन मॉरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वालुकाश्मावर काम केलं, कमी क्षारांच्या पाण्याने जास्त तेल निघालं. पण त्याच कामात अटीही दिसल्या : दगडात चिकणमाती पाहिजे, तेल कच्चं पाहिजे म्हणजे ध्रुवीय घटक असलेलं, आणि दगडात आधीपासून थोडं खारं पाणी पाहिजे. यातली एक अट काढली की परिणाम गायब किंवा फारच कमी. पुढे नियम फिरत राहिला आणि अटी मागे पडल्या. तुमच्या काचेवर चिकणमाती नाही, तुमच्या कॅल्साइटमध्ये आधीचं पाणी नाही. पुढे २०१८ मध्ये ब्रिटनच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला क्लेअर रिज या तेलक्षेत्रात समुद्राचं पाणी गोडं करून आत सोडायची सोय प्लॅटफॉर्मवरच बसवून उत्पादन सुरू झालं, म्हणजे हे नुसतं लॅबचं प्रकरण नाही. तरी प्रत्येक दगडात हे चालतंच असं नाही, माझ्या हाताखालून असे कोर (विहिरीतून कापून काढलेले दगडाचे दंडगोल) गेलेत ज्यात पाणी बदलून तेलाचा थेंबही जास्तीचा आला नाही, आणि असेही ज्यात स्पष्ट आला. दगड बघितल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही.

चिकणमातीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडच्या लोकांना ती वेगळी सांगायला नको. काळ्या रानातली माती म्हणजे स्मेक्टाइट, पाणी पिऊन फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. वालुकाश्मात हीच माती असली आणि त्यात एकदम गोडं पाणी सोडलं तर ती फुगते किंवा तिचे कण सुटून छिद्रांच्या तोंडाशी अडकतात, तेल सुटलं तरी बाहेर यायला वाट राहत नाही. म्हणून क्षार किती खाली आणायचे याला खालूनही मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी हजार ते पाच हजार पीपीएमच्या दरम्यान थांबतात आणि थोडं कॅल्शियम मुद्दाम ठेवतात. सल्फेटचीही तीच गत, खडूला ते उपयोगी, पण दगडातल्या पाण्यात बेरियम असेल तर बेरियम सल्फेटची खपली पाइपात बसते, ती ॲसिडनेही निघत नाही, शिवाय सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड करतात. त्यामुळे अनेक क्षेत्रांवर समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट गाळून काढूनच पाणी आत सोडतात. मुंबई हायचा मुख्य दगडही चुनखडीचाच, तिथेही समुद्राचं पाणीच आत सोडतात, तर हा विचार आपल्याला परका नाही.

आता हाताच्या कामाबद्दल, इथेच जास्त रीडिंग बिघडतात. खदानीतून आणलेला पांढरा चकचकीत तुकडा कॅल्साइटच असेल असं धरू नका, आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, क्वार्ट्झ सगळं शेजारी शेजारी सापडतं. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका, फसफसलं तर कॅल्साइट, नाहीतर नाही. आणि ॲसिड टाकलेला तुकडा मोजायला वापरू नका. कॅल्साइट धुवून साफ करत बसण्यापेक्षा फोडा, पात्याची धार त्याच्या नैसर्गिक पदराच्या रेषेवर ठेवून हलका ठोका मारला की तिरप्या चौकोनासारखा सपाट ताजा पृष्ठभाग मिळतो, आरशासारखा, त्यावर आजवर काहीच लागलेलं नसतं. तो चिमट्यानेच उचला, बोट लागलं की बोटाचं तेल लागलं, संपलं. काच आधी डिटर्जंटने धुतली असेल तर डिटर्जंटचा अंश राहतोच, अल्कोहोल आणि भरपूर डिस्टिल्ड पाणी वापरा, पाण्याचा सलग पडदा फुटल्याशिवाय काचेवरून ओघळला तर काच साफ.

क्रम असा ठेवा : तुकडा आधी पाण्यात, मग तेल. कोरड्या दगडावर आधी तेल टाकून वरून पाणी ओतलं तर तुम्ही पाण्याला सुरुवातीलाच हरवलेलं असतं, जमिनीखालच्या दगडात आधी पाणी होतं, तेल नंतर आलं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तुकडा दोन आधारांवर पाण्यात आडवा ठेवायचा आणि वाकवलेल्या सुईने थेंब खालून लावायचा. कोन पाण्याच्या बाजूने मोजायचा, साधारण ७५ अंशाच्या आत असेल तर पाण्याने भिजणारा, १०५ च्या वर गेला तर तेलाने भिजणारा, मधला मधला. थेंब मोठा करताना एक कोन आणि आत ओढताना दुसरा असे दोन्ही मोजा, आत ओढताना कड जागची हलली नाही आणि थेंब मधूनच ताणला गेला तर तेलाने तिथे पकड घेतलीय, एका कोनात हे दिसत नाही. आणि निदान एक रात्र तरी तेल-पाणी-दगड एकत्र राहू द्या, आमच्याकडे दगड तेलात गरम तापमानाला आठवडेच्या आठवडे ठेवतात, कारण पहिल्या तासाला जे दिसतं ते पुष्कळदा नंतर बदलतं.

सरांना काय सांगायचं? त्यांना तुमची रीडिंग आणि वरचा ११, २ आणि ०.४ नॅनोमीटरचा हिशोब एकाच कागदावर दाखवा, मग कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम क्लोराइडच्या त्या दोन बाटल्यांचा निकाल दाखवा. तक्त्यात टीडीएसचा रकाना ठेवा, पण त्याच्या शेजारी पीएच, कॅल्शियम आणि तेलाचा ॲसिड नंबर असे तीन रकाने वाढवा. हार्डनेस ईडीटीएच्या टायट्रेशनने निघेल, ते तुमच्या डिपार्टमेंटमध्ये पहिल्या वर्षालाच करून घेतलं असेल. बोअरचं पाणी एकाच दिवशी भरून ठेवा आणि सगळे प्रयोग त्याच कॅनमधून करा, पाऊस पडला की बोअरचं पाणी बदलतं. कॅन मात्र घट्ट बंद आणि गच्च भरलेला ठेवा, उघडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड उडून कॅल्शियम तळाला बसेल आणि आठवड्याने तुम्ही दुसऱ्याच पाण्यावर प्रयोग करत असाल. दोन बाटल्यांचा निकाल आला की आकडे इथेच टाका, पीएच आणि किती तासांनी मोजलं ते सोबत लिहा, मग कॅल्साइटच्या ओव्हनवाल्या प्रयोगाचं काय करायचं ते बघू.